जागल्याला इटालियन शब्द

मेलबर्नच्या पॉइंट कुक उपनगरातल्या शाळेसमोर धर्मपालांनी आल्दोला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तो रस्त्याच्या मधोमध उभा होता आणि कौन्सिलचा एक तरुण अधिकारी त्याला तिथून हलायची विनवणी करत होता.

ऑक्टोबरची सकाळ होती. लॉलीपॉपसारखी गोल पाटी घेऊन मुलांना रस्ता ओलांडून देणारी बाई त्या दिवशी आली नव्हती. फ्रीवेकडे निघालेल्या आणि मुलांना सोडायला आलेल्या गाड्या एकाच चौकात तोंडाला तोंड लावून अडकल्या होत्या. तेवढ्यात पांढऱ्या मिशांचा एक ताठ म्हातारा फुटपाथवरून उतरला, मधोमध जाऊन उभा राहिला, आणि त्याने दोन हात असे काही चालवले की पाच मिनिटांत गुंता सुटला. मुलं पलीकडे गेली. गाड्या मार्गी लागल्या. मग हा अधिकारी आला.

"मेट, असं करता येत नाही. इन्शुरन्सचा प्रश्न आहे."

"मी अठ्ठावीस वर्षं हेच केलं."

"कुठे?"

"इटलीत."

"हां. पण हे इटली नाही ना, मेट."

म्हातारा निमूट बाजूला झाला. धर्मपाल हे सगळं झाडाखालून पाहत होते. पुण्यातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात त्यांनी चौतीस वर्षं काढली होती; आता ते इथे मुलाकडे राहत होते. मागितलेलं पुस्तक आणून द्यायचं, ते कशाला हवंय हे विचारायचं नाही, असा त्यांचा स्वभाव. अनोळखी माणसाशी आपणहून बोलायचं तर आधी मनात तीन वेळा वाक्य जुळवावं लागे, आणि ते जुळेपर्यंत माणूस निघून गेलेला असे. पण त्या दिवशी त्यांनी म्हाताऱ्याचे हात पाहिले. मघाशी गाड्यांसमोर एवढे ठाम असलेले हात आता खिशात जायलाही तयार नव्हते. वाक्य जुळवायच्या आतच धर्मपाल पुढे गेले आणि म्हणाले, "फार छान केलंत तुम्ही."

इथून मैत्री सुरू झाली. आल्दो दोन गल्ल्या सोडून मुलीकडे राहत होता. बायको गेल्यावर आब्रुत्सोच्या डोंगरातलं आपलं गाव सोडून तो आला, त्याला नऊ वर्षं झाली होती. त्याचं इंग्रजी तोडकंमोडकं, धर्मपालांचं पुस्तकी आणि चाचरत. दोघं रोज सकाळी तळ्याच्या कडेच्या बाकावर बसत आणि एकमेकांच्या चुका न काढता बोलत. दोघांनाही घरी इतकी मोकळीक नव्हती.

"म्हणजे तू पोलीस होतास," धर्मपाल पहिल्या आठवड्यात म्हणाले.

"नो पोलीस!" आल्दो दुखावला. "व्हिजिले."

मग त्याने समजावून सांगितलं. इटलीत पोलीस वेगळे. ते रोमचे, सरकारचे. व्हिजिले हा गावाचा माणूस. नगरपालिका त्याला नेमते. आठवडी बाजारात कुणाची टपरी खडूच्या रेघेबाहेर आली ते तो बघतो, कुणी परवानगीशिवाय गच्ची वाढवली ते मोजतो, चौकात रहदारी चालवतो. आणि कुणी नवा माणूस 'मी आता ह्या गावचा' असं नगरपालिकेत लिहून देतो, तेव्हा खरंच तो तिथे राहतो का हे बघायला त्याच्या घरी जातो.

"कसं बघायचं?"

"दारावर नाव आहे? कपाटात कपडे आहेत?" आल्दोने बोट वर केलं. "आणि टूथब्रश. टूथब्रश ओला, तर माणूस खरा."

धर्मपालांना हे इतकं आवडलं की घरी येऊन त्यांनी ते वहीत टिपून ठेवलं. टिपायची जुनी खोड होती. टिपलेल्याचं पुढे काय करायचं, ह्याचं उत्तर त्यांना उभ्या आयुष्यात सापडलं नव्हतं.

वही भरत गेली. आल्दोचा आजोबा शेतांचा राखणदार होता. द्राक्षांच्या दिवसांत रात्री मळ्यांतून फिरायचा, पाण्याची पाळी कुणाची ते सांगायचा. बाप त्याच नगरपालिकेत लागला. सायकलवरून नोटिसा पोचवायचा. आल्दो लागला एकोणीसशे सत्तरमध्ये. पांढरे हातमोजे, पांढरं शिरस्त्राण, चौकात उभं राहायला लाकडी चौथरा. सहा जानेवारीला गावातले गाडीवाले त्या चौथऱ्याभोवती व्हिजिलेसाठी भेटी आणून ठेवायचे. दारूच्या बाटल्या, केक, एकदा तर एक जिवंत हंस.

"त्या दिवशी कुणाला दंड करत नसशील."

"केला. हंसवाल्यालाच. त्याने हंस द्यायला गाडी चौकात उभी केली!"

धर्मपाल इतके हसले की बाकापाशी आलेली बदकं दूर गेली.

पण आल्दो सगळं गोडच सांगायचा असं नाही. जुन्या काळी महापौर सांगेल ते करावं लागे, तो म्हणाला. महापौराच्या बायकोची बाजारातली पिशवीसुद्धा त्याने उचलली होती. मग शहाऐंशी साली कायदा झाला. 'नगर पोलीस' असं नाव मिळालं, हुद्दे आले, प्रशिक्षण आलं, कुणाच्या हुकमात काय बसतं ते लिहिलं गेलं. "त्या दिवसानंतर मी पिशवी उचलली नाही." नंतर नगरपालिकेने ठराव केला आणि पिस्तूल आलं. "आणि लोक माझ्याशी बोलताना माझ्या कमरेकडे बघायला लागले." आता तर नाव 'स्थानिक पोलीस', चौकात कॅमेरे. त्याच्या जागेवर आलेला पोरगा पडद्यावर गाड्यांचे नंबर वाचतो. चौथरा संग्रहालयात गेला.

"हे चांगलं झालं की वाईट?" धर्मपालांनी विचारलं.

"कायदा चांगला होता," आल्दो म्हणाला. "पण चौथऱ्यावरून मला सगळे दिसायचे, आणि सगळ्यांना मी."

नोव्हेंबरच्या शेवटी कधीतरी त्या शब्दाचा विषय निघाला. व्हिजिले म्हणजे मुळात काय, असं धर्मपालांनी विचारलं. लॅटिन शब्द, आल्दो म्हणाला, म्हणजे जो जागा आहे तो. बाकीचे झोपतात, हा जागा असतो.

"आमच्याकडे अगदी हाच शब्द आहे," धर्मपाल बोलून गेले. "जागल्या. जागा राहणारा. प्रत्येक गावाला असायचा. रात्री गस्त घालायची, शेताच्या हद्दी दाखवायच्या, निरोप पोचवायचे." आणि मग, ग्रंथालयात दोन वेगळ्या कपाटांतली पुस्तकं एकाच विषयाची निघावीत तसा आनंद झाला म्हणून म्हणा, त्यांनी पुढचं वाक्यही बोलून टाकलं. "माझे आजोबा जागल्या होते."

आल्दो बाकावरून उठला. त्याने टाचा जुळवल्या आणि कपाळाला हात लावून कडक सलाम ठोकला. "कोल्लेगा!" तो म्हणाला. म्हणजे सहकारी. "तुझा आजोबा, माझा आजोबा. दार्मा, तू मला हे आत्ता सांगतोस?"

धर्मपालांना आणखी सांगायचं होतं. निदान नंतर त्यांना तसं वाटलं. पण जागल्या हा शब्द त्यांनी आजवर एकाच सुरात ऐकला होता. चौथीत असताना वर्गात त्यांना डुलकी लागली, तेव्हा मास्तर म्हणाले होते, "काय रे जागल्या, तूच झोपलास होय?" आणि वर्ग खदाखदा हसला होता. तो शब्द ऐकून कुणी उठून उभं राहिलेलं ते पहिल्यांदाच पाहत होते. त्यांनी फक्त मान डोलावली. सलाम घेतला.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आल्दो एक जाड पांढरं कार्ड घेऊन आला. वीस जानेवारीला संत सेबास्तियानचा दिवस. तो व्हिजिलेंचा रक्षणकर्ता. मेलबर्नमध्ये आता तिघंच जुने व्हिजिले उरले होते, आल्दो धरून. त्या दिवशी ते वेरिबीकडच्या एका इटालियन क्लबात जेवत, आणि घराण्यातल्या ज्यांनी ज्यांनी हे काम केलं त्यांचे फोटो टेबलावर मांडून एकेकाचं सेवा-कार्ड उभं राहून वाचत. ह्या वर्षी धर्मपालांच्या आजोबांचं एक कार्ड वाढणार होतं. आल्दोने सुबक अक्षरांत लिहिलं होतं: राघोजी, व्हिजिले.

"किती वर्षं सेवा?" त्याने पेन उघडून विचारलं.

"चाळीस," धर्मपाल म्हणाले.

आल्दोने निमंत्रणाची एक प्रत त्यांना दिली. तिच्यावरही राघोजींचं नाव आणि हुद्दा होता. त्यांच्या बायकोने, कमलाबाईंनी, ती कौतुकाने फ्रिजला चिकटवली. दोन दिवस तिच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. तिसऱ्या दिवशी सूनबाई दीक्षा घरूनच काम करत होती. ती दूध घ्यायला उठली आणि तिथेच थांबली.

"बाबा, हे काय आहे? राघोजी म्हणजे तुमचे आजोबा ना?"

"हो. ते आल्दोचं... त्यांच्या तिथे जेवण आहे."

"व्हिजिले म्हणजे पोलीस?"

"पोलीस नाही. नगरपालिकेचा..." धर्मपाल अडखळले. "जागल्याला जवळचा शब्द आहे तो."

दीक्षाने दुधाचा कॅन खाली ठेवला. "त्यांना पगार होता?"

"नव्हता."

"नको म्हणता येत होतं?"

धर्मपाल फ्रिजवरची प्रत सरळ करू लागले.

"मग आल्दो अंकलना तुम्ही अर्धंच सांगितलंत, बाबा."

मुलगा किरण वरच्या मजल्यावरून मीटिंग संपवून खाली येत होता. त्याने बायकोचा सूर ओळखला. "दीक्षा, सोड ना. दोन म्हाताऱ्यांचं लंच आहे. नाइस स्टोरी आहे. नो हार्म डन."

"तुझ्या ऑफिसातल्यासारखं? तिथेही तू 'वी आर फ्रॉम पुणे' एवढीच नाइस स्टोरी सांगतोस. कुणी आडनावावरून खोदायला लागलं की क्रिकेट काढतोस."

"ते वेगळं आहे."

"काय वेगळं आहे?"

किरणने कॉफीचा कप उचलला आणि वर गेला. धर्मपालांना वाटलं, ह्या पोराला ही गप्प बसायची विद्या कुणी शिकवली, हे विचारायची गरज नाही.

कमलाबाई इतका वेळ ओट्यापाशी शेंगदाण्याची सालं पाखडत होत्या. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. "अहो, आजेसासऱ्यांनी ते काम सोडलं होतं ना?"

"सोडलं होतं."

"सोडलं म्हणून तुम्ही शाळेत गेलात. मग आता मेलेल्या माणसाला परत त्याच कामावर रुजू करून घेताय होय?"

त्यांनी सालं फुंकली आणि विषय संपवला. धर्मपालांच्या मात्र ते वाक्य आत जाऊन बसलं. आपण थोडं लपवलं, एवढंच त्यांना तोवर वाटत होतं. आपण काय केलं ते बायकोने एका वाक्यात सांगितलं.

आता सांगणं भाग होतं. पण सांगितलं तर काय होईल? आल्दोला फसवलं गेल्यासारखं वाटेल. त्याने सलाम केला होता. सलाम परत कसा देतात? किंवा त्याहून वाईट, तो कीव करेल. कीव आली की मैत्री बाकावरून उठून जाते, हे धर्मपालांना पुण्यातल्या दोन-तीन अनुभवांवरून ठाऊक होतं. ह्या देशात त्यांचा म्हणावा असा तो एकच माणूस होता.

ते आल्दोच्या घरी गेले. तो टोमॅटोच्या रोपांना काठ्या बांधत होता. "आल्दो, ते कार्ड..."

"स्पेलिंग चुकलं?"

"नाही. स्पेलिंग बरोबर आहे."

"मग ही सुतळी धर."

धर्मपालांनी सुतळी धरली आणि अकरा रोपं बांधून होईपर्यंत ते काही बोलले नाहीत. दुसऱ्यांदा त्यांनी पत्र लिहिलं. इंग्रजीत, दोन पानं. तीन वेळा सुधारलं. 'वतन' ह्या शब्दाला खाली टीप दिली, मग टिपेलाही टीप लागेल असं वाटून दोन्ही खोडल्या. पत्र खिशात घालून ते तळ्यावर गेले आणि खिशात घेऊनच परत आले.

वीस जानेवारीला आग ओकणारं ऊन पडलं होतं. दीक्षाने त्यांना गाडीने क्लबापाशी सोडलं. दारात ती म्हणाली, "मी आत येऊ का?"

"नको."

"मी बाहेर त्या झाडाखाली बसते. लॅपटॉप आहे माझ्याकडे. तुम्हाला जमेल, बाबा."

"आणि नाही जमलं तर?"

"तर जेवून या. मी काही बोलणार नाही." मग थोडं थांबून म्हणाली, "म्हणजे आज नाही बोलणार."

आत लांब टेबलाच्या एका टोकाला तिघांची पानं मांडली होती, आज चौथं. आल्दो टाय लावून आला होता. ओरेस्ते नावाचा एक अवाढव्य म्हातारा होता. त्याला ऐकायला कमी येई. आणि नीवेस नावाची बारीक, करड्या केसांची बाई. ती तिच्या शहरातल्या पहिल्या बायका-व्हिजिलेंपैकी एक, असं आल्दोने अभिमानाने सांगितलं. टेबलावर फोटो मांडले होते. मिशा, टोप्या, सायकली. प्रत्येकापुढे कार्ड. राघोजींचा फोटो नव्हताच. कुणी कधी काढला नव्हता. त्यामुळे त्यांचं कार्ड एका रिकाम्या चौकटीपुढे ठेवलं होतं. ती चौकट आल्दोने मुद्दाम विकत आणलेली दिसत होती.

आल्दोने आपल्या आजोबांचं कार्ड वाचलं, मग बापाचं. ओरेस्तेने त्याच्या काकांचं. मग आल्दोने चौथं कार्ड हातात घेतलं, घसा साफ केला आणि खणखणीत आवाजात सुरू केलं. त्यातलं 'राघोजी', 'इंडिया' आणि 'व्हिजिले' एवढं धर्मपालांना कळलं.

"थांब," ते म्हणाले.

आपण उभे राहिलो आहोत हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं. जुळवलेली सगळी वाक्यं डोक्यातून गेली होती. पत्र घरच्या दुसऱ्या शर्टात राहिलं होतं.

"आल्दो, मी तुला अर्धं सांगितलं. आजोबा जागे राहायचे, हे खरं. पण त्यांना कुणी नेमलं नव्हतं. ते ज्या जातीत जन्मले तिला ते काम लागलेलं होतं. जशी कातडी लागलेली असते तसं. आमची जात अस्पृश्य. गावातली ढोरं मेली तर ओढून न्यायची, ते आम्हीच. कुणी मेलं तर परगावी निरोप घेऊन पायी जायचं, ते आम्हीच. रात्री गावाची राखण करायची. आणि गावाच्या विहिरीला हात लावायचा नाही."

आल्दो इतरांसाठी इटालियनमध्ये सांगत होता. 'विहिरी'पाशी तो थांबला. पुढे त्याने भाषांतर केलं नाही.

"पगार नव्हता. संध्याकाळी दारोदार जाऊन भाकरी मागायची. मागायची म्हणजे लांबून हाक मारायची. घरात आम्ही त्यांना राघोजी म्हणायचो. गावातलं सहा वर्षांचं पोरसुद्धा 'ए राघ्या' म्हणायचं. आमच्या भाषेत मान द्यायचा तर मागे 'जी' लावतात, आणि हिणवायचं तर 'या'. जागल्या. कामाच्या नावातच अपमान होता. तू त्याला व्हिजिले म्हटलंस, तेव्हा मला फार बरं वाटलं. म्हणून गप्प बसलो. माझं चुकलं."

स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज आला. ओरेस्तेने आल्दोकडे पाहून काहीतरी विचारलं. आल्दोचा चेहरा त्या दिवशी रस्त्यातून बाजूला झाला तेव्हा होता तसा झाला होता.

बोलली ती नीवेस. तिचं इंग्रजी दोघांहून बरं होतं. "मरेपर्यंत केलं त्यांनी हे काम?"

"नाही. बाबासाहेबांनी सांगितलं की ही कामं टाका. आमचे नेते ते. छप्पन साली आमचे लोक बौद्ध झाले. पुढच्या वर्षी आजोबा चावडीवर गेले, म्हणजे गावाच्या कचेरीत, आणि म्हणाले, आजपासून मी येणार नाही."

"राजीनामा कुणी स्वीकारला?" तिने अगदी कार्यालयीन सुरात विचारलं.

"कुणीच नाही. पाटील म्हणाले, ही काय नोकरी आहे, राजीनामा द्यायला? तेव्हा आजोबांनी हातातली काठी चावडीच्या भिंतीला टेकवून ठेवली आणि घरी आले. घुंगरं लावलेली काठी होती. रात्री ती वाजली की गावाला कळे, राखण चालू आहे. ती काठी तिथेच उभी राहिली. ती आमची. तिला हात कोण लावणार? पाटलाला ती तिथून हलवायची होती, पण आमच्यातलं कुणी जाईना. सहा महिने उभी होती. आम्ही पोरं लांबून बघायला जायचो."

नीवेसच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला. तिला हसू आलं होतं की दुसरं काही, हे धर्मपालांना ठरवता आलं नाही. तिने ओरेस्तेच्या कानाशी जाऊन काठीची गोष्ट मोठ्याने सांगितली. ओरेस्तेने मात्र उघड उघड टेबलावर थाप मारली.

आल्दो खाली बसला. त्याने कार्ड पुढे ओढलं, पेन काढलं आणि 'व्हिजिले' ह्या शब्दावर एक सरळ रेघ मारली. धर्मपालांनी हे होणार हे धरूनच ठेवलं होतं, तरी रेघ बघताना कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं.

"तो व्हिजिले नव्हता," आल्दो वर न बघता म्हणाला. "मी पिशवी उचलली, पण पाळी संपली की मी घरी जायचो. घरी गेलो की मी आल्दो. तू मला आधी सांगायला हवं होतंस."

"हो."

"मी सगळ्यांना फोन करून सांगितलं. मूर्खासारखं."

"हो. माझ्यामुळे."

आल्दोने पेन तसंच धरून ठेवलं होतं. पेन टेबलावर ठेवायचं की खिशात, हे त्याला ठरवता येत नसावं. मग त्याने कार्डावर दुसऱ्या ओळीपाशी टोक टेकवलं. "रुजू झाल्याची तारीख?"

"काय?"

"आमच्या प्रत्येक कार्डावर दोन तारखा असतात. रुजू कधी, बंद कधी. तू चाळीस वर्षं म्हणालास. तेही खोटं?"

"ते कुणी मोजलंच नव्हतं." धर्मपालांनी विचार केला. "रुजू... जन्मापासून."

आल्दोने वर पाहिलं. मग लिहिलं. "बंद?"

"एकोणीसशे सत्तावन्न."

"कारण? निवृत्ती, मृत्यू, बडतर्फी."

"स्वतःच्या इच्छेने."

हे लिहायला आल्दोला बराच वेळ लागला. "दिवस, महिना?"

"ते आठवत नाही. मी सहा वर्षांचा होतो."

"मग कार्ड अपुरं. अपुरं कार्ड मी वाचत नाही."

त्या दिवसाची तारीख धर्मपालांना आजवर कुणी विचारली नव्हती. त्यांनी स्वतःलाही विचारली नव्हती, आणि ते तर आयुष्यभर पुस्तकांवर तारखांचे शिक्के मारत बसले होते. त्यांनी फोन काढला. तिकडे सकाळचे साडेआठ झाले असतील. थोरली बहीण संगमनेरला असते, त्र्याऐंशीची आहे, पण आठवण पक्की.

"अक्का, आजोबांनी चावडीवर काठी ठेवली तो दिवस कोणता गं?"

"अरे, सकाळी सकाळी हे काय रे तुझं? तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे. सांग ना. इथे एक माणूस विचारतोय."

"कोण माणूस?"

"पोलिसातलाच म्हण. रिटायर झालाय."

"अगं बाई! इतक्या वर्षांनी आता पोलीस चौकशी करतायत होय? सांग त्याला, काठी आम्ही नाही चोरली!" मग ती आवाज बदलून म्हणाली, "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. पोळ्याला सगळ्या गावाची कामं उरकली त्यांनी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. आईने त्या दिवशी चूल लवकर पेटवली होती. संध्याकाळची भाकरी आता मागून यायची नव्हती ना."

धर्मपालांनी फोन खाली ठेवला. "बैलांचा सण असतो आमच्याकडे, पावसाळ्यात. त्याच्या दुसऱ्या दिवशी. तारीख काढावी लागेल, पंचांग बघून."

"ही तारीख नाही," नीवेस म्हणाली. "फाइलला चालणार नाही."

"गप्प बस," आल्दो म्हणाला. "आमच्या नगरपालिकेची जुनी रजिस्टरं मी पाहिली आहेत. माझ्या आजोबाची नेमणूक लिहिली आहे, द्राक्षतोडणी संपल्यावर. चालतं." त्याने बैलांच्या सणाबद्दल दोनदा विचारून, नीट खात्री करून ते इटालियनमध्ये लिहिलं. खाली सही केली. मग उठून उभा राहिला आणि आधीची तीन कार्डं वाचली गेली तशीच, त्याच आवाजात, राघोजींची नोंद वाचली. धर्मपालांना त्यातला एकही शब्द कळला नाही, नावाखेरीज. नावातला 'जी' आल्दोने फार लांबवला. इटालियन लोकांची सवयच असावी.

वाचून झाल्यावर त्याने कार्ड त्या रिकाम्या चौकटीत सरकवलं. ते थोडं मोठं होतं. कोपरा दुमडावा लागला.

ओरेस्ते काहीतरी पुटपुटला.

"काय म्हणतो?"

"म्हणतो, पास्ता गार होतोय. आणि विहिरीनंतरचं त्याला काही कळलं नाही. काठी कळली, पण काठी का, ते नाही." आल्दोने धर्मपालांची खुर्ची मागे ओढली. त्याच्या आवाजातला राग पुरता गेला नव्हता, पण त्याचा हात खुर्चीवरच होता. "मी मध्ये थांबलो, ही माझी चूक. बस. विहिरीपासून परत सांग. आणि हळू सांग, दार्मा, ह्या वेळी मला सगळं ह्यांना सांगायचं आहे."

"एक मिनिट," धर्मपाल म्हणाले. "बाहेर माझी सून बसली आहे. तिला बोलावतो. मी कुठे चुकलो तर ती सांगेल."

दीक्षा आली, लॅपटॉप काखेत धरून, उन्हाने लाल झालेली. तिने टेबलावरच्या चौकटीकडे पाहिलं, मग सासऱ्यांकडे, आणि काही न विचारता नीवेसच्या शेजारी बसली. धर्मपालांनी पाण्याचा एक घोट घेतला आणि विहिरीपासून सुरुवात केली.